त्रेसष्ट ऐकलं आणि ३६ लिहिलं: चूक नक्की कुठे होते?

पाटीपेन्सिल

मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यम. परवा वहीत लाल शाईचा शेरा आला: "लक्ष नसते. सराव घ्यावा." वही चाळली. बाईंनी संख्या सांगायच्या आणि मुलांनी अंकांत लिहायच्या, असा तो तास. आमच्या चिरंजीवांनी त्रेसष्टला ३६, सत्तेचाळीसला ७४, अठ्ठावीसला ८२ लिहिलंय. एकोणसाठला ६९. तेहतीस, चव्वेचाळीस, पंचावन्न मात्र एकदम बरोबर. (त्यात उलटं करायला आहेच काय म्हणा!)

मी नोकरी सांभाळून बाहेरून मानसशास्त्रात एम.ए. करतेय. यंदा बोधनिक मानसशास्त्राचा (कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी) पेपर आहे. एरवी मी त्या वहीवर मुलाला रागावले असते, पण या वेळी वही घेऊन बसूनच राहिले. कारण लक्ष नसलेल्या मुलाच्या चुका कशाही विखुरलेल्या असायला हव्यात. त्रेसष्टला कधी ५३ यावं, कधी ६८. इथे तसं नाही. एकाच जागी, एकाच तऱ्हेने पाय घसरतोय.

जरा पाल्हाळ लावते, पण त्याशिवाय पुढचा प्रश्न कळणार नाही. १९१३ मध्ये वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्तनवादाचा झेंडा लावला. मनात काय चालतं ते दिसत नाही, मोजता येत नाही, तेव्हा ते सोडा. बाहेरून काय मिळालं आणि माणसाने काय केलं तेवढंच बघा. पुढे स्किनरने बक्षीस-शिक्षेचं शास्त्र बारकाईने बांधलं. त्या नजरेने माझ्या मुलाचं उत्तर फक्त 'चूक' आहे आणि उपाय म्हणजे बरोबर उत्तर येईपर्यंत सराव. बाईंचा शेरा याच घराण्यातला.

मग १९५० च्या दशकात वारं फिरलं. ११ सप्टेंबर १९५६ ला अमेरिकेत एमआयटीमध्ये एक परिसंवाद झाला. एकाच दिवशी न्यूएल आणि सायमन यांनी तर्क मांडणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमबद्दल सांगितलं, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की व्याकरणावर बोलला आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने माणसाला एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात यावर मांडणी केली. (त्याचा 'सात, दोन इकडे-तिकडे' हा लेख त्याच वर्षीचा.) बोधनिक विज्ञानाचा जन्म म्हणून मिलर हीच तारीख सांगत असे. १९६७ मध्ये नाइसरचं 'कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी' हे पुस्तक आलं आणि शाखेला नाव चिकटलं. या मंडळींचं म्हणणं एवढंच, की कानात शब्द शिरला आणि पेन्सिलीतून अंक उतरला, यांच्या मध्ये काय काय घडलं ते शोधता येतं. मन उघडून बघता येत नसलं तरी लागलेला वेळ आणि झालेल्या चुका यांवरून मधल्या पायऱ्या बांधता येतात.

आता 'त्रेसष्ट' घ्या. पोराच्या कानावर आधी 'त्रे' येतं. पण लिहायचं डावीकडून, म्हणजे हा तीन लगेच लिहायचा नाही, धरून ठेवायचा. मग 'सष्ट' येतं. ते म्हणजे साठ, हे ओळखायचं. त्यातून सहा काढायचा, तो आधी लिहायचा, आणि मगच धरून ठेवलेला तीन. बरं, हा तीनही रोज वेश बदलून येतो: तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर. पन्नास कधी 'पन्न' होतं, कधी 'वन्न'. एकोणसाठमध्ये तर नऊचा पत्ताच नाही, तो साठातून एक वजा करून आणायचा!

काल घरी करून बघितलं. ४० संख्या सांगितल्या, १४ चुकल्या. त्यातल्या ९ सरळ उलट्या, ३ एकोण-वाल्या, उरलेल्या २ कशाही. मग दुसऱ्या ४० संख्या 'साठ तीन', 'चाळीस सात' अशा सांगितल्या. ३ चुकल्या, उलटी एकही नाही.

तुमच्याकडे काय अनुभव? आणि मी शाळेत जाऊन हे बोलावं का, की तोंड गप्प ठेवून सराव घ्यावा?

वरणफळ

आमच्याकडे तर त्याच्याही पुढचं. मुलगी इंग्रजी माध्यमात. भाजीवाले काका म्हणाले "अडुसष्ट झाले", ही माझ्याकडे बघते. मी म्हटलं सिक्स्टी एट. मग काकांनीच हसत मोबाईलवर आकडा टाकून दाखवला. आता ते सगळ्यांनाच मोबाईल दाखवतात म्हणे.

निवृत्त_मास्तर

ताई, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर लिहिणारी पोरं दर वर्षी बघितली आणि दर वर्षी दिवाळीनंतर सरळ झालेलीही बघितली. त्यांना काही मानसशास्त्र लागलं नाही. रोज सकाळी उजळणी, एक ते शंभर म्हणत म्हणत पाटीवर लिहायचं, मग पाढे. आमच्या आधीच्या पिढीला तर पावकी, निमकी, दीडकी, औटकी तोंडपाठ. त्यांना कोणी 'साठ तीन' शिकवलं होतं? तुमचा मुलगा हुशार दिसतो. उगाच पायऱ्या मोजत बसू नका, जिना चढू द्या.

पाटीपेन्सिल

मास्तर, नमस्कार. सराव नको असं मी म्हटलंच नाही. पण 'लक्ष नसते' हे निदान चुकीचं आहे, एवढं तरी मान्य कराल?

पियाजेची गोष्ट सांगते. हा स्वित्झर्लंडचा, मूळचा गोगलगायी-शिंपल्यांचा अभ्यासक. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्या घ्यायचं काम त्याला मिळालं. किती बरोबर ते मोजायचं, एवढीच जबाबदारी. पण हा चुकलेल्या उत्तरांपाशी अडकला. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने कशी चुकतात? त्यातूनच त्याचं पुढचं सगळं काम उभं राहिलं.

दुसरं तुमच्या रोजच्या अनुभवातलं. ५२ मधून २७ वजा करायला दिलं की काही मुलं ३५ लिहितात. तुम्ही म्हणाल हातचा विसरला. पण त्याने हातच्याचा विचारच केलेला नसतो. दोनातून सात जात नाहीत, तर सातातून दोन घालवले. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा त्याचा नियम, आणि तो तो प्रत्येक गणितात इमानदारीने पाळतो. १९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन यांनी अशा वजाबाकीच्या 'किड्यां'ची यादी करून एक संगणक-खेळच बनवला. संगणक ठरावीक किडा घेऊन मुलासारखा चुकायचा आणि शिक्षकाने तो ओळखायचा. अशा मुलाला आणखी पन्नास गणितं दिली तर तो स्वतःचाच नियम पन्नास वेळा पक्का करणार ना?

शेपूची_भाजी

अडाणी प्रश्न. हे कॉग्निटिव्ह म्हणजे ते सीबीटीमधलंच (ती विचारांवर काम करणारी उपचारपद्धती) ना? माझ्या बहिणीला समुपदेशक तेच सांगतात, विचार लिहून काढ म्हणून.

आणि 'बोधनिक' हा शब्द कोणी काढला? दातात अडकतो.

पाटीपेन्सिल

शब्द विद्यापीठाच्या पुस्तकातला आहे, माझा नाही. :) कोणी 'बोधात्मक' लिहितं, कोणी हिंदीसारखं 'संज्ञानात्मक'. अडकायला तिन्ही सारखेच.

आणि हो, चुलत घर आहे. फिलाडेल्फियात ॲरन बेक नैराश्याचे रुग्ण तपासत होता. प्रसंग आणि दुःख यांच्या मध्ये झर्रकन येऊन जाणारा एक विचार असतो, हे त्याने १९६० च्या दशकात पकडलं. त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिसने हीच दिशा धरली होती. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती पद्धत रुजवली. पण ते उपचाराचं काम झालं. माझ्या मुलाला उपचार नकोत, त्रेसष्ट पाहिजे. तुमच्या बहिणीसाठी वेगळा धागा काढा, तिथे जाणकार बोलतील.

स्टुटगार्टकर

ताई, तुमच्या मुलाला इकडे पाठवा, कोणी काही म्हणणार नाही. जर्मनमध्ये ६३ म्हणजे 'ड्राय-उंड-झेख्त्सिश', तीन आणि साठ. अगदी आपल्यासारखं. माझी मुलगी घरी मराठी आणि शाळेत जर्मन, दोन्हीकडे उलटंच ऐकते, त्यामुळे ती कुरकुर करत नाही. बायको मात्र बेकरीत अजूनही दोनदा विचारते.

या विषयावर इकडे बरंच काम झालंय. २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहायला लावल्या, तर एकूण चुकांपैकी जवळपास निम्म्या उलटापालटीच्या निघाल्या. यावर कोणीही म्हणेल, की पहिलीची पोरं चुकणारच. खरी मजा चेक भाषेत आहे. तिथे दोन्ही पद्धती रोजच्या वापरात आहेत: पंचवीसला 'द्वात्सेत प्येत' (वीस पाच) म्हणा किंवा 'प्येता-द्वात्सेत' (पाच आणि वीस). म्हणजे तीच मुलं, तीच शाळा, तेच घर, बदलला फक्त शब्द. २०११ मधल्या अभ्यासात उलटापालटीच्या चुका जवळजवळ सगळ्या 'पाच आणि वीस' पद्धतीतच आल्या. तुम्ही घरी केलंत ते तिकडे होऊन गेलंय. अभिनंदन की सांत्वन, तुम्हीच ठरवा.

बेळगावकर

आमच्या गल्लीत दोन्ही प्रयोग रोज चालतात. कन्नडमध्ये एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', वीस-एक. आधी दशक, मग एकक, जसं लिहिता तसंच. मराठी शाळेतली पोरं आणि कन्नड शाळेतली पोरं एकाच अंगणात लपाछपी खेळतात. शंभरापर्यंत मोजायचं असलं की राज्य कन्नडवाल्यावर, तो भराभर मोजतो. :) (हा अभ्यास नाही, आठवण आहे. कोणी टक्केवारी मागू नये.)

पण उलटं म्हणणं हा मराठीचा दोष म्हणू नका हं. संस्कृतातही त्रिषष्टी, आधी तीनच. जुने ज्योतिषी आणि गणिती संख्या शब्दांत सांगताना एककापासून सुरुवात करत आणि त्यासाठी सूत्रच होतं: अंकानां वामतो गतिः. अंक डावीकडे चालतात. म्हणजे ऐकणाऱ्याने उजवीकडून लिहीत जायचं! तेव्हा बोलणं आणि लिहिणं यांचं भांडण नव्हतं. पुढे हात एका दिशेला गेला आणि जीभ होती तिथेच राहिली.

जुनी_पुस्तकं

अजून कोणी २०१९ कसं काढलं नाही? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं आणि महाराष्ट्र पेटला. गणितज्ञ मंगला नारळीकर गणिताच्या समितीवर होत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, की मुलांना जोडाक्षरांचे शब्द आणि उलटा क्रम जड जातो, दक्षिणेकडच्या भाषांत आणि इंग्रजीत लिहिण्याच्या क्रमानेच वाचतात, आणि जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही दिलेत. ऐकतो कोण! विधानसभेत विषय गेला. फडणवीसांच्या आडनावाचं आता काय करायचं, यावर विनोद झाले. आठवडाभर व्हॉट्सॲपवर 'पन्नास दोन पत्ते' आणि 'तीस सहा गुण'.

मीही तेव्हा ते विनोद पुढे ढकलले होते. आज या धाग्यावर वही बघून जरा ओशाळायला झालं.

कोकणचो_माणूस

ओशाळायचं काही कारण नाही. भाषा सोपी करत करत शेवटी उरणार काय? उद्या म्हणाल जोडाक्षरं काढा. छत्तीसचा आकडा, छप्पन भोग, बावनकशी सोनं, हे सगळं 'पन्नास दोन' करणार? माझ्या आजोबांनी चौथीनंतर शाळा पाहिली नाही आणि दुकानाचा हिशोब तोंडी करायचे. पोरांना कठीण जातं म्हणून सोडून द्यायचं तर मग सायकलही नको.

जुनी_पुस्तकं

बावनकशी सोन्याला कोणी हात लावलेला नव्हता हो. प्रश्न सात वर्षांच्या मुलाने ५२ लिहायला कुठून सुरुवात करायची, एवढाच होता.

आणि बदल अशक्य असतो असंही नाही. नॉर्वेत पूर्वी 'तीन आणि साठ' म्हणत. टेलिफोनवर नंबर सांगताना गोंधळ व्हायचा, म्हणून तिथल्या संसदेने ठरवून १९५१ च्या जुलैपासून अधिकृत मोजणी 'साठ तीन' अशी केली. म्हातारी माणसं पुढे कित्येक वर्षं घरात जुनंच म्हणत राहिली. देश बुडाला नाही.

आडवा_प्रश्न

जरा थंड पाणी टाकतो.

एक, ताईंचा घरगुती प्रयोग. आधी जुनी पद्धत, मग नवी. दुसऱ्या फेरीपर्यंत मुलाचा हात बसला असेल, किंवा आई वेगळं काहीतरी करतेय म्हणून तो टवकारला असेल. क्रम बदलून, वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या याद्या घेऊन करा. शिवाय मूल एकच.

दोन, 'चिनी मुलांचे संख्याशब्द सोपे, म्हणून ती गणितात पुढे' हे वाक्य आता कोणीतरी टाकणारच आहे, म्हणून आधीच बोलतो. चिनीत अकरा म्हणजे 'दहा एक', हे खरं. चार-पाच वर्षांच्या चिनी आणि अमेरिकन मुलांत दहापर्यंत मोजण्यात फरक नसतो आणि दहाच्या पुढे पडतो, हेही दिसलंय. पण चीन आणि अमेरिकेत फक्त शब्दांचा फरक आहे का? शाळेचे तास, घरचा धाक, गणिताला मिळणारी किंमत, सगळंच वेगळं. त्यापेक्षा वेल्समध्ये बघा. तिथे एकाच अभ्यासक्रमात काही मुलं वेल्श माध्यमात शिकतात, काही इंग्रजी. आधुनिक वेल्शमध्ये सोळा म्हणजे 'एक दहा सहा', स्वच्छ. (जुन्यात 'पंधरावर एक' होतं आणि अठरा म्हणजे 'दोन नऊ'. आपण बरे!) त्या मुलांना दोन अंकी संख्या वाचण्यात आणि तुलना करण्यात थोडा फायदा दिसला, एकूण गणितात ती पुढे होती असं नाही.

तीन, जर्मन पोरं मोठेपणी गाड्या बनवतातच की. तेव्हा उलट्या शब्दांमुळे मराठी मुलं गणितात मागे पडतात, अशी उडी कोणी मारू नये.

स्टुटगार्टकर

तिसऱ्या मुद्द्याला दुजोरा, पण थोडं शेपूट राहतं बरं का. दोन संख्यांतली मोठी ओळखायला सांगितली, तर ४२ आणि ५७ लवकर जमतं, ४७ आणि ६२ ला किंचित उशीर लागतो. कारण दुसऱ्या जोडीत दशक एकीकडे ओढतं आणि एकक दुसरीकडे. हे २००१ मध्ये जर्मन बोलणाऱ्या मोठ्या माणसांवर दिसलं. उशीर सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाचा, घड्याळात दिसणारही नाही. तरी तो असतो.

गॅलरीतली_तुळस

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून मध्ये तोंड घालते. धाग्यात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे 'धरून ठेवणे' कुठे होतं. १९७४ मध्ये बॅडली आणि हिच यांनी कार्यकारी स्मृतीची कल्पना मांडली. ते कोठार नव्हे, ओटा. भाजी चिरायची, पीठ मळायचं, सगळं त्याच दोन हात जागेत. त्यांनी ओट्याचे भाग पाडले: ऐकलेलं मनात घोळवत ठेवणारा एक, चित्र आणि जागा धरणारा एक, आणि कोणाला किती लक्ष द्यायचं ते ठरवणारा कारभारी. ऐकलेलं घोळवायचा जो भाग आहे त्यात साधारण दोन सेकंदांत म्हणून होईल एवढंच मावतं. म्हणून लांब शब्द कमी मावतात. यातही वेल्शच कामी आलं: वेल्श अंक उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ घेतात, आणि दोन्ही भाषा येणाऱ्या माणसांना वेल्शमध्ये एका दमात कमी अंक लक्षात राहतात, हे १९८० मध्ये दाखवलं गेलं. नाहीतर तो बुद्धीचा फरक वाटायचा!

घरी करून बघा. कोणाला तरी सात-आठ अनोळखी अंक सांगायला लावा. ऐकताना तोंडाने सतत "राम राम राम राम" पुटपुटत राहा, मग अंक लिहा. घोळवायची जागा रामाने व्यापली की अंक गळतात. माझ्या वर्गात हा प्रयोग दर वर्षी करते, हशा पिकतो.

आता मुलाकडे या. त्याचा ओटा अजून लहान आहे. त्यावर 'तीन' ठेवलाय, शेजारी 'सष्ट' सोलायला घेतलंय, आणि बाई पुढची संख्या सांगायला लागल्या. पहिल्यांदा हाताला लागेल ते तो ताटात वाढतो, म्हणजे तीन. याला लक्ष नाही म्हणत नाहीत. लक्ष पुरलं नाही.

आणि मास्तर, तुम्हीही बरोबर आहात, फक्त कारण वेगळं. शेकडो वेळा ऐकून-लिहून झालं की 'त्रेसष्ट' सोलावं लागतच नाही. अख्खा शब्द आणि ६३ हे चित्र थेट जोडले जातात, ओट्यावर काही येतच नाही. दिवाळीनंतर तुमची पोरं सरळ व्हायची ती यामुळे.

निवृत्त_मास्तर

तुळसबाई, हे ओट्याचं पटलं. आमच्या वर्गात एक पोरगा होता, संख्या सांगितली की आधी हवेत बोट फिरवायचा, मग पाटीवर लिहायचा. मी त्याला दोन-तीनदा ओरडलो की नाटकं करू नको. तो जागा धरून ठेवत असणार. आता तो एसटीत वाहक आहे, हिशोबाला चोख.

वरणफळ

राम राम करून नवऱ्याचा नवा नंबर लिहायला घेतला. चौथ्या अंकाला राम सुटला. सासूबाई म्हणाल्या, देवाचं नाव असं वापरू नये.

पाटीपेन्सिल

दहा दिवसांनी येतेय.

आडवा_प्रश्न यांचं ऐकून चार दिवस, रोज २० संख्या, नव्या याद्या घेतल्या. पहिल्या आणि चौथ्या दिवशी नेहमीसारख्या, मधले दोन दिवस 'साठ तीन' पद्धतीने. नेहमीच्या ४० पैकी ९ चुकल्या, त्यातल्या ७ उलट्या. 'साठ तीन'च्या ४० पैकी २, उलटी एकही नाही. म्हणजे आधीच्या प्रयोगाइतका झगझगीत फरक नाही, पण आकार तोच. एक गोष्ट मोजायची ठरवली नव्हती तरी दिसली: चौथ्या दिवशी तो खेळून दमून आला होता आणि उलट्या चुकांपैकी बहुतेक त्या दिवशीच्याच.

त्यालाच विचारलं, त्रेसष्टला काय होतं रे? म्हणाला, "तीन धरून ठेवला की सहा येईपर्यंत तीन पडतो." मी एवढे धडे वाचले, त्यात असं कोणी लिहिलेलं नाही.

शाळेत जाऊन आले. बाई चांगल्या आहेत, वर्गात बेचाळीस मुलं. मी शेऱ्याबद्दल काही बोलले नाही, वही उघडून उलट्या संख्यांना फक्त गोल केले. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आणखी सहा-सात वह्या अशाच निघतील. दोन संख्यांच्या मध्ये जरा जास्त थांबून बघते म्हणाल्या. बघू.

घरी त्याने स्वतःच एक युक्ती काढली. बेळगावकरांच्या त्या वामतो गतिः सारखी. त्रेसष्ट ऐकलं की आधी उजवीकडे ३ लिहून टाकतो, मग त्याच्या डावीकडे ६. काही धरून ठेवायचंच नाही! दोन दिवस एकही उलटी नाही.

निवृत्त_मास्तर

युक्ती बरी आहे, पण सवय लावू नका. मोबाईलवर आकडा टाकताना उजवीकडून कसा टाकेल? आणि शंभराच्या पुढे फसेल. एकशे त्रेसष्टमध्ये आधी शतक, मग एकक, मग दशक. तिथे ना डावीकडून सुरुवात, ना उजवीकडून. एकदा सांगून बघा.

स्टुटगार्टकर

मास्तरांना +१. इकडेही काही मुलं असंच लिहितात आणि बऱ्याच शिक्षिका थांबवतात, याच कारणासाठी.

पाटीपेन्सिल

मास्तर, आत्ता सांगून बघितलं.

एकशे त्रेसष्ट. त्याने १ लिहिला, शेजारी बोटभर जागा सोडली, ३ लिहिला, मग मागे येऊन मधल्या जागेत ६ कोंबला. बरोबर.

मग मी एकशे तीन सांगितलं. १ लिहिला, जागा सोडली, ३ लिहिला. पेन्सिल त्या रिकाम्या जागेवर धरून थांबलाय. विचारतोय, "आई, इथे कोण येणार होतं?"